उलट्या दारांची फियाट

हिंगोली
१२ जानेवारी २०२५

आदरणीय वकीलसाहेब,

तुम्ही मला ओळखणार नाही. मी सरिता वाबळे, हिंगोली डेपोला कंडक्टर आहे. पुसेगावच्या गाडीवर ड्युटी असते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही असं तुमच्या जुन्या शेजाऱ्यांनी सांगितलं आणि बंगळूरचा पत्ता दिला, म्हणून पत्र लिहून राहिले. अक्षर समजून घ्या. तिकिटाची मशीन आल्यापासून हातात पेन राहिला नाही.

तुमची फियाट आता माझ्याकडं आहे. पांढरट हिरवी, उलट्या दारांची. काळजी करू नका, ती मजेत आहे. भंगारवाल्याच्या हातून एक आरसा तुटला होता, तो आमच्या मिस्त्रीनं बसवून दिला. टायर बदलले. सीटखाली उंदराचं घर होतं, ते हलवलं. माझ्या गाडीवरचा ड्रायव्हर रूपसिंग मला शिकवायला येतो. पहिल्या दिवशी गिअरची दांडी त्यानं पायापाशी शोधली. सापडली स्टिअरिंगपाशी! म्हणतो, "वहिनी, अशी गाडी आयुष्यात चालवली न्हाई, पण चालवीन."

आता कामाचं. गाडी पुढं जाते, मागं काही जात नाही. रूपसिंगनं दांडी वर केली, खाली केली, आत दाबली, देवाचं नाव घेतलं. रिव्हर्स पडत नाही. आमची गल्ली पुढं बंद आहे. त्यामुळं रोज गाडी बाहेर काढायची म्हणजे शेजारपाजार गोळा करून ढकलत मागं न्यावी लागते. पहिले काही दिवस लोक हौसेनं आले. आता माझा आवाज ऐकला की दारं लावून घेतात.

तेवढी युक्ती कळवा. गाडी तुम्हाला आठवत असेल, तिला बोलता आलं असतं तर तिनंच नमस्कार सांगितला असता.

आपली,
सरिता वाबळे


हिंगोली
२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय वकीलसाहेब,

तुमचं कार्ड मिळालं. "दांडी आधी बाहेर ओढा, मग वळवा." ओढली, वळवली आणि गाडी अशी मागं गेली की आमच्या मालकांनी झेरॉक्सच्या दुकानातून हातात कागद घेऊन पळत येऊन बघितलं. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पण दुसरी ओळ मी परत परत वाचली. "गाडी विकलेली नाही. ती हिंगोलीत गॅरेजमध्ये दुरुस्तीला आहे. आपण कोण आणि गाडी आपल्याकडे कशी?"

साहेब, तुम्हाला माहीत नव्हतं हे मला खरंच माहीत नव्हतं. घर विकलं तशी गाडीही तुम्हीच दिली असेल असं मी धरून चालले होते. चोरीचा माल घरात आणला असं वाटू नये म्हणून सगळं सांगते.

दिवाळीनंतर एक दिवस ड्युटी संपवून घरी निघाले होते. तुमच्या घरासमोर ट्रक उभा होता आणि त्यात तुमची फियाट दोरखंडानं बांधलेली. ट्रकवर हरिचंद भंगारवाला. माझी चाल आपोआप थांबली. तुम्हाला काहून ते कळणार नाही. आधी मी औंढ्याच्या गाडीवर होते. तुम्ही आणि काकू त्या रस्त्यानं औंढ्याला जायचे. आमची बस तुमच्या मागं यायची, हॉर्न द्यायची, तुम्ही काही बाजूला व्हायचे नाही. शेवटी आम्ही पुढं गेलो की काकू खिडकीतून हात करायच्या. साऱ्या बसला नाही हो, मागच्या दारात उभ्या असलेल्या मलाच. मीही करायची. त्यांचं नाव गंगूताई हे मला त्या गेल्यावर कळलं.

मी हरिचंदला विचारलं, "कुठं नेऊन राहिला?"

"गोदामात. दारं काढून लोखंड वेगळं, पत्रा वेगळा."

"चालू गाडी हाय ही."

"चालू व्हती. आता लोखंड हाय."

"मग लोखंडाच्याच भावात मला दे."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्यानं दोर सोडायला घेतला. पाटल्या करायच्या म्हणून मी बरीच वर्षं पैसे बाजूला टाकत होते, ते दुसऱ्या दिवशी नेऊन दिले. घरी हरीशना, म्हणजे आमच्या मालकांना, सांगितलं. ते गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "पाटल्या हातात घालता येतात. हे कुठं घालायचं?"

सासूबाई तर बाहेर येऊन म्हणाल्या, "दार उलटं, बाई बी उलटी."

असं आहे सगळं. गाडी घेताना घरातला माणूस तिथं कुणी नव्हता. हरिचंद म्हणाला घरच्यांनी फोनवरून शेड रिकामी करायला सांगितली. पुढचं मला माहीत नाही.

तुम्हाला दुखावलं असेल तर माफ करा.

सरिता वाबळे


हिंगोली
२३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय वकीलसाहेब,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी तुमच्या मुलाचा, अनिरुद्धदादांचा फोन आला. आधी फोनचं सांगते.

दादा म्हणाले, "ताई, तुम्ही पत्रं पाठवू नका. गाडी गॅरेजमध्ये आहे असं मीच त्यांना सांगितलं होतं, तुमच्या पत्रानं ते उघडं पडलं. बाबांनी माझ्याशी बोलणं सोडलंय. ताटावर बसतात, जेवतात, उठतात. मी समोर असून नसल्यासारखा."

मी म्हटलं, "दादा, गाडी काहून विकली ते सांगून टाका ना त्यांना."

ते म्हणाले, "नाही सांगता येत," आणि फोन ठेवला.

आता तुमचं पत्र. तुम्ही लिहिलंय, कागदोपत्री गाडी आजही तुमच्या नावावर आहे, तुमच्या सहीशिवाय ती माझ्या नावावर होणार नाही, सही तुम्ही करणार नाही, मी गाडी परत करावी आणि खर्च तुम्ही द्याल. कायद्यानं तुमचं बराबर आहे. आरटीओतल्या माणसानंही हेच सांगितलं. पण मी गाडी परत देत नाही साहेब. माझी आहे असंही म्हणत नाही. तुम्ही आधी येऊन तिला बघा.

काहून देत नाही तेही ऐका. माझी सगळी नोकरी उभ्यानं गेली. लोक चढले, उतरले, मी बेल दिली, गाडी निघाली. गाडी कुठं जाणार हे बोर्डावर आधीच लिहिलेलं असायचं. मागच्या रविवारी मी फियाट काढली आणि चौकात आल्यावर मला प्रश्न पडला की आता कुठं जायचं? कुणी सांगणारच नव्हतं. मागून रिक्षावाला ओरडला, "ओ मावशी, चला की!" मी वसमतच्या बाजूला वळवली. कारण काही नाही. हट्ट्यापर्यंत गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी शिजवलेली हळद वाळत घातलेली, वास असा की जीव हरखून जावा. तिथं चहा पिऊन परत आले. इतकंच. पण घरी आले तर हरीश म्हणाले, "काय झालं? हसून काहून राहिली?"

आणि सासूबाईंचं विचाराल तर, त्यांचं नाव पार्वतीबाई, गुडघ्यांनी हैराण. रिक्षात चढवायचं म्हणजे दोघं लागायचे. तुमच्या गाडीचं दार उलटं उघडतं, त्यामुळं पाठमोरं उभं राहून पाटावर टेकावं तसं टेकलं की झालं. त्यांना हे कळल्यापासून दार उलटं न राहता "शहाण्या माणसानं केलेलं दार" झालंय. गाडी मूळ इटलीची असं कळल्यावर ती इटली कुठं आहे, तिथल्या बायांचेही गुडघे दुखतात का, हे त्यांनी मला विचारलं. तुम्हाला माहीत असेल तर लिहा.

चोक ओढूनही सकाळी ती खोकते. त्याला काय करू?

सरिता


हिंगोली
१५ मार्च २०२५

आदरणीय वकीलसाहेब,

सहा पानी पत्र मिळालं. चोकवर एवढं लिहिता येतं हे मला माहीत नव्हतं. रूपसिंगला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ह्या मानसाच्या विरुद्ध केस कुनी लढत व्हतं का?"

शेवटच्या पानावर तुम्ही लिहिलंत की हैदराबादेच्या एका पारशी गृहस्थाकडून गाडी आणली तेव्हा काकू नव्या नवरी होत्या, त्या पदर सावरत बसल्या आणि "ही आपल्याला पाठ दाखवून बसवते, मोठ्या घरची दिसते" असं म्हणाल्या. ते मी वाचून दाखवलं नाही. ते माझ्यापुरतं ठेवलं.

तुम्ही येताय हे वाचून घरात गडबड उडाली आहे. गाडी न्यायला येताय की बघायला, ते लिहिलं नाही. मीही विचारत नाही. स्टेशनवर फियाट घेऊन येते. अनिरुद्धदादा सोबत येणार असं त्यांचा फोन होता. तुम्ही दोघं बोलत नसाल तर मागच्या सीटवर मधली जागा मोकळी ठेवा, मी बोलत राहीन.

एक विनंती. सासूबाई पुढं बसायला मागतील. त्यांना बसू द्या.

सरिता


हिंगोली
९ एप्रिल २०२५

आदरणीय वकीलसाहेब,

तुम्ही सुखरूप पोचल्याचं दादांनी कळवलं. तुम्ही काहीच न बोलता गेलात. स्टेशनवर गाडीच्या बॉनेटवर हात ठेवलात, मला नमस्कार केलात आणि डब्यात चढलात. गाडीचं काय ते मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही.

हे पत्र गाडीबद्दल नाही. आपण सगळे नागनाथाच्या दर्शनाला औंढ्याला गेलो, तिथं जे झालं त्यातलं अर्धंच तुम्हाला माहीत आहे. उरलेलं तुमच्या पाठीमागं झालं, आणि तुम्हाला ऐकू गेलं नाही.

आपण दर्शन घेऊन आलो तेव्हा गाडी सुरू होईना. माझ्या सासूबाईंनी आपण येईपर्यंत हॉर्न वाजवून येणाऱ्याजाणाऱ्यांना गाडी दाखवली होती, त्यात बॅटरी बसली. त्यांनी अजून कबूल केलेलं नाही. तुम्ही म्हणालात, "धक्का मारा, मी क्लच सोडतो," आणि माझ्या हातातून किल्ली घेऊन स्टिअरिंगवर बसलात. दादा घाबरले. मी म्हटलं, मैदान मोकळं आहे, बसू द्या.

आम्ही दोघं मागं. पहिल्या धक्क्याला गाडी हलली आणि थांबली. दादांना दम लागला. ते डिकीला टेकून उभे राहिले. शर्ट ओला झालेला. मी सहज म्हटलं, "एवढी जीव लावण्यासारखी गाडी, तुमी भंगारात कशी टाकली दादा?"

त्यावर ते जे बोलले ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"आई गेल्यावर बाबा रोज शेडमध्ये जाऊन गाडीत बसायचे. गाडी चालू करायचे नाहीत. कोट घालून नुसते बसायचे, आणि आईच्या बाजूचं दार उघडं ठेवायचे. मला शेजारी सांगायचे, मी म्हणायचो, बसू द्या, मन रमत असेल. मागच्या एप्रिलमध्ये शेजाऱ्यांचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो, कट केला. परत आला, परत कट केला. पत्र्याची शेड, वर ऊन, आणि बाबा आत बेशुद्ध. शेजाऱ्यांनी ओढून बाहेर काढलं म्हणून वाचले. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं माहितीये? गाडीचं दार लावलं का."

मी त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली.

"मला त्या गाडीची भीती बसली, ताई. ती बंगळूरला आणली असती तर ते परत तिच्यात जाऊन बसले असते. विकली नाही मी ती. डोळ्यासमोरून काढून टाकली. आणि बाबांना हे कसं सांगू? की तुम्ही आईची वाट बघत बसला होता, आणि मी फोन कट करत होतो?"

तेवढ्यात तुम्ही खिडकीतून ओरडलात, "अरे झोपलात का मागे? दम लाव की!" दादांनी डोळे पुसले आणि एकदम जोर लावला. गाडी सुरू झाली. सुरू झाली ती थांबलीच नाही. तुम्ही साऱ्या मैदानाला चक्कर मारली, शेजारी सासूबाई "धरा हो, धरा" करत होत्या, नारळवाले बाजूला पळाले. आणि दादा तिथं उभे राहून हसत होते. असं हसताना मी त्यांना पहिल्यांदा बघितलं. तुम्ही उतरलात तेव्हा तुमचाही चेहरा पोरासारखा झाला होता. पण तुम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

दादांनी मला हे तुम्हाला सांगायला सांगितलेलं नाही. नको सांगू असंही म्हटलेलं नाही. मी रात्रंदिवस विचार केला. तुम्ही वकील माणूस. एकच बाजू ऐकून निकाल दिलात तुम्ही, आणि दुसऱ्या बाजूला तर तोंडच उघडता येत नाही. म्हणून मी बोलले. जास्त झालं असेल तर हेही माफ करा. गाडी न्यायची असेल तर माणूस पाठवा, मी टाकी भरून देईन. पण दादांशी बोला.

सरिता


हिंगोली
२३ मे २०२५

ती. वकीलसाहेब,

पाकीट मिळालं. एवढं जाड पाकीट बघून हरीश म्हणाले, नोटीस आली. मी हात जोडूनच फोडलं.

गाडीच्या नावबदलीच्या कागदावर तुमची सही आहे हे बघितलं आणि पुढचं काही दिसेना. हरीशनी वाचून दाखवलं. सोबत तुम्ही बक्षीसपत्रही केलंय. त्यात गाडीला "सदर इटालियन बनावटीची, स्वभावाने मानी" असं लिहिलंय. असं कायद्यात चालतं का? "पार्वतीबाई यांचा पुढील आसनावरील हक्क अबाधित राहील" हे वाक्य सासूबाईंनी पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. म्हणाल्या, "कोर्टाचा कागद हाय. आता कुनी उठवून दाखवा."

खाली साक्षीदार म्हणून अनिरुद्धदादांची सही आहे.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. म्हणाले, "ताई, त्या कागदाच्या मजकुरावरून बाबा माझ्याशी आठवडाभर भांडून राहिलेत. माझ्या मराठीला नावं ठेवतात. मी एक चूक दाखवली तर मला शाळेत कुणी शिकवलं ते विचारतात. सकाळी उठल्यापासून बोलतात, थांबतच नाहीत!" आणि मागून तुमचा आवाज येत होता, "कुणाशी बोलतोयस? मोठ्यानं बोल!" माझ्या पत्राबद्दल त्यांनी विचारलं नाही. तुम्हीही लिहिलं नाही. मला त्याची गरज नाही.

काल आरटीओत काम झालं. रूपसिंगनं रजा टाकून माझ्यासोबत रांग लावली. तिथल्या साहेबांनी विचारलं, "इतकी जुनी गाडी? करणार काय हिचं?" मी म्हटलं, "फिरणार." बाहेर आलो तर ऊन मी म्हणत होतं. रूपसिंग डेपोला गेला. मी एकटीच गाडीत बसले.

आता एक सांगते, हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही उंच. तुमची सीट तुमच्या पायांच्या बेतानं मागं सरकवलेली होती. माझा पाय ब्रेकला पुरत नव्हता. पण गाडी तुमची, सीट तुमची, ती हलवायला माझा हात धजला नाही. इतके महिने मी पाठीमागं उशी घालून, पुढं टेकून, टोकावर बसून गाडी चालवली. कंबर धरायची, मी कुणाला बोलले नाही.

काल मी उशी काढून मागं टाकली. सीटखालची कडी ओढली आणि पायांनी रेटलं. बराच वेळ हलली नाही, मग मोठ्यानं करकरत पुढं आली. माझे पाय बराबर पोचले. मी गाडी सुरू केली.

दसऱ्याला दोघं या. सीट मागं सरकवून देईन.

तुमची,
सरिता